गाडी आणि आपण : स्विफ्टला स्पेसर लावू का?

प्रश्न : काका, माझी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे, पेट्रोल. चौदा इंची लोखंडी रिम आणि १६५ चे टायर. गाडी छान चालते, पण मागून बघितली की मडगार्ड बाहेर आणि चाकं आत गेल्यासारखी दिसतात. कोल्हापूरला एका दुकानात चारही चाकांना २५ एमएमचे ॲल्युमिनियमचे स्पेसर, म्हणजे चाकामागे घालायच्या जाड चकत्या, बसवून देतो म्हणाले. मित्र सांगतो, गाडी रुंद झाली की करूळ घाटाच्या वळणात चिकटून चालते. बाबा नको म्हणतात. आंब्याच्या सीझनला मागची सीट पाडून पेट्याही याच गाडीतून जातात. लावू की नको?
— एक वाचक, जामसंडे

उत्तर : नको लावू. बाबा बरोबर सांगतायत. पण नुसतं ‘नको’ म्हणून मी थांबलो तर उद्या दुसऱ्या कुणाचं ऐकून तू लावशीलच. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी तुझी चाकं आत का दिसतात ते बघू. तुझ्या मॉडेलची स्विफ्ट कंपनीनं दोन मापांच्या चाकांवर विकली. खालच्या प्रकारांना १६५/८० आर १४ आणि वरच्या झेडएक्सआयला १८५/६५ आर १५. यातला पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी, शेवटचा रिमचं इंचांतलं माप. बॉडी तीच, मडगार्डची कमानही तीच. मोठा टायर बसेल एवढी जागा कमानीत ठेवलेली आहे आणि तुझा टायर त्याहून वीस मिलिमीटरनं अरुंद आहे. म्हणून ती पोकळी डोळ्यात भरते. गाडीत दोष काही नाही.

आता स्पेसर. हब, म्हणजे ज्याला चाक नटांनी आवळतात तो गाडीचा फिरणारा भाग, आणि रिम यांच्यामध्ये घालायची ही जाड चकती. ती घातली की चाक तेवढं बाहेर येतं, हे दुकानदारानं तुला दाखवलं असेल. चाक मुळात आत का बसवलंय, हे बहुधा सांगितलं नसेल. एखादी रिम काढून आडवी ठेव आणि बघ. जो भाग हबला टेकतो तो रिमच्या बरोबर मध्यावर नसतो, बाहेरच्या अंगाला असतो. याला ऑफसेट म्हणतात. त्यामुळे टायरचा मध्य आत सरकतो आणि गाडीचं वजन व्हील बेअरिंगच्या जवळपास येऊन पडतं. माणसं बसल्यावर तुझ्या गाडीच्या पुढच्या एका चाकावर तीनशे किलोच्या आसपास भार येतो. २५ एमएमचा स्पेसर म्हणजे तोच भार एक इंच लांबून बेअरिंगवर टांगणं. पाना लांब घेतला की घट्ट बसलेला नटही हलतो, तसाच हा प्रकार. इथे हलतं ते बेअरिंग. खड्ड्यात चाक आपटलं की तो भार क्षणभर कित्येक पट होतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर खड्डा चुकवायला रस्त्यात जागाच नसते. काही महिन्यांनी साठच्या स्पीडला घूंऽऽ असा आवाज सुरू होतो, वळणात एका बाजूला वाढतो. लोक आधी टायर बदलतात, मग बेअरिंग बदलतात आणि स्पेसर तसाच ठेवतात. मग नवं बेअरिंगही लवकर जातं.

बेअरिंगला पैसे जातील, पण पैशाचं एवढं मनावर घेऊ नकोस. मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची.

देवगडहून तळेऱ्याला येताना अरुंद वळणावर समोरून एसटी आली की तू काय करतोस? डावी दोन चाकं साईडपट्टीवर उतरवतोस. उजवी चाकं डांबरावर, डावी जांभ्याच्या सुट्या खडीवर. तेवढ्यात ब्रेक मारायची वेळ आली, तर डांबरावरचं चाक घट्ट धरतं आणि खडीवरचं घसरतं. म्हणजे गाडी उजवीकडे, थेट एसटीच्या अंगावर वळू पाहते. पुढची चाकं ओढणाऱ्या अनेक गाड्यांत कंपनीनं यावर उपाय करून ठेवलेला असतो. चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती स्टिअरिंगला वळतं, तो अक्ष खाली जमिनीपर्यंत वाढवला तर टायरच्या मध्याच्या किंचित बाहेर टेकेल असा ठेवतात. मग जास्त धरणारं उजवं चाक स्वतःच थोडं डावीकडे वळतं आणि गाडी सरळ राहायला मदत करतं. चालवणाऱ्याला हे कळतही नाही. हे सगळं थोड्या मिलिमीटरांवर तोललेलं असतं. तू चाक पंचवीस मिलिमीटर बाहेर काढलंस की तोल फिरतो. मग तेच चाक गाडीला उजवीकडे आणखी ओढू लागतं आणि स्टिअरिंग हाताला झटका देतं. एबीएसमुळे, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे, हे काही प्रमाणात आवरतं, पण नाहीसं होत नाही. रुंद, सरळ रस्त्यावर दुकानदारानं तुला चक्कर मारून आणलं, तर यातलं काही जाणवणार नाही. आपल्या रस्त्यांवर मात्र दिवसातून कितीतरी वेळा चाक साईडपट्टीवर उतरतं.

घाटात गाडी चिकटून चालते, या मित्राच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. दोन चाकांमधलं अंतर वाढलं की वळणात बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन कमी होतं. पण किती? तुझ्या गाडीचं ते अंतर साधारण दीड मीटर. दोन्ही बाजूंना २५ एमएम म्हणजे पन्नास मिलिमीटर, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास. त्यातही चाक बाहेर गेल्यामुळे त्याला स्प्रिंग दाबायला जास्त मोठा दांडा मिळतो, पुढचं सस्पेन्शन तेवढं मऊ पडतं आणि तीन टक्क्यांतलाही काही भाग तिथे जातो. करूळमध्ये पकड हवी असेल तर टायरची नक्षी आणि हवेचा दाब बघ. पावसाळ्यात झिजलेला टायर आणि चांगला टायर यांच्यातला फरक या तीन टक्क्यांच्या कितीतरी पुढचा आहे.

आता आपल्या हवेबद्दल. देशावरच्या दुकानदाराला याचा अनुभव नसतो, आणि हे मी माझ्या हातांनी केलेलं काम आहे. हब लोखंडी आणि स्पेसर ॲल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारं पाणी आलं, की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. समुद्रकाठच्या गाड्यांना खारं पाणी लागायला गाडी कुणकेश्वरच्या वाळूत उतरवायलाच पाहिजे असं नाही, वाऱ्याबरोबर येतं तेवढं पुरतं. अशा एका गाडीचं चाक मी काढायला घेतलं. रिम सुटली, स्पेसर सुटेना. हबच्या कडेनं पांढरी भुकटी बाहेर आलेली, चुन्यासारखी, बोटाला खरखरीत लागणारी. गंज सोडवायचं तेल मारलं, थांबलो, लाकडाचा ठोकळा धरून चहूबाजूंनी ठोकलं, शेवटी गरम केलं. निघाला तेव्हा आतल्या तोंडावर खळगे पडलेले होते. स्पेसरचं ते तोंड हबवर सपाट बसणं हा सगळ्या जोडणीचा पाया आहे. खळगे पडले किंवा मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला, की नट कितीही आवळा, चालता चालता पापुद्रा चुरतो आणि नट ढिला होतो. भर पावसात घाटात पंक्चर झालं आणि स्पेसर हबला धरून बसला, तर तुझ्या डिकीतल्या व्हील पान्यानं तो निघणार नाही.

नटांचंही एक गणित करून बघ. सुझुकीचा स्टड, म्हणजे हबमधून बाहेर आलेला, नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा, १२ एमएम जाड असतो आणि त्याचे आटे सव्वा मिलिमीटरचे. म्हणजे नट एक फेरा फिरला की सव्वा मिलिमीटर सरकतो. चाक भरवशानं धरून ठेवायचं तर नट निदान स्टडच्या जाडीएवढा आत गेलेला हवा, म्हणजे नऊ-दहा फेरे. काही जण ‘आमचा नुसता आठ एमएमचा आहे, त्यानं काय होतंय’ म्हणतात. मूळच्या स्टडवर आठ एमएमची चकती चढवली की सहाहून जास्त फेरे गेले. राहिलेल्या तीन-चार फेऱ्यांवर चाक, आणि त्या चाकावर घरची माणसं. एसटीच्या वर्कशॉपात आम्ही चाकाच्या नटाकडे दुर्लक्ष करणाऱ्याची गय करत नसू. लहान गाडीला नियम वेगळा नाही.

तुला सांगितलेले २५ एमएमचे बहुधा दुसऱ्या जातीचे असणार. चकती आधी हबला नटांनी आवळायची आणि चकतीला स्वतःचे स्टड असतात, त्यांवर रिम. यात आटे पुरेसे मिळतात, पण चाकामागे आवळलेल्या नटांचे दोन थर होतात. आतला थर चाक काढल्याशिवाय दिसत नाही, म्हणून तो कुणीच तपासत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे लागू केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बदललेल्या १८२ अ या कलमात, परवानगी नसलेले भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही असं आहे. स्पेसरसाठी रस्त्यात कुणी अडवेल न अडवेल. पण अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर चाकाकडे आधी बघतो, आणि न कळवलेला बदल दावा अडवायला पुरेसा होऊ शकतो.

मग करायचं काय? तुला जे रूप हवंय ते कंपनीनंच बनवून ठेवलंय. तुझ्याच मॉडेलच्या झेडएक्सआयची पंधरा इंची चाकं घे, १८५/६५ च्या टायरसकट. दोन्ही टायरांची उंची जवळपास सारखी आहे. १४ इंचीवाला ६२० मिलिमीटरच्या आसपास, १५ इंचीवाला त्याहून जेमतेम दोन मिलिमीटर जास्त. त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासायचा प्रश्नही कंपनीनं आधीच सोडवलेला आहे. टायर वीस मिलिमीटरनं रुंद होतो आणि कमानीतली पोकळी कमी होते. ऑफसेट कंपनीचाच राहतो. नवी चाकं महाग वाटली तर गाडी दुसऱ्या रिमवर नेलेल्यांनी काढून ठेवलेले कंपनीचे संच मिळतात. मात्र रिमला तडा किंवा वेल्डिंग नाही ना, हे ट्यूबलेसवाल्याकडे मशीनवर फिरवून बघ. बसवायच्या आधी सर्व्हिस सेंटरला विचार आणि विमा कंपनीला लेखी कळव. सध्याचे टायर झिजेपर्यंत थांबलास तर खर्चही अंगावर येणार नाही.

बाबांच्या पेट्यांचं विसरू नकोस. मागची सीट पाडून गाडी भरली की मागचं स्प्रिंग बसतं. चाक पंचवीस मिलिमीटर बाहेर असेल तर खड्ड्यात टायर थेट मडगार्डच्या कडेला लागतो. ती कड पत्र्याची असते आणि टायरचा गाल कापते. एप्रिलच्या उन्हात, भरलेल्या गाडीत, मार्केटची वेळ गाठायच्या घाईत टायर फुटावा असं मला तुझ्या बाबतीत अजिबात वाटत नाही.

स्पेसर ही वस्तूच वाईट, असं माझं म्हणणं नाही. जर्मनीत टीयूव्हीसारख्या संस्था त्याची तपासणी करून विशिष्ट गाडीसाठी, विशिष्ट जाडीला प्रमाणपत्र देतात. पोर्शेसारखी कंपनी काही गाड्यांसाठी स्वतः पाच एमएमचे देते. तिथे गाडी, जाडी, स्टड सगळं एकत्र मोजलेलं असतं. तुला दाखवलेल्या चकतीवर तुझ्या गाडीचं नाव छापलेलं आहे का? कोणत्या मिश्रधातूची आहे ते लिहिलंय का? दुकानदाराला विचार, आणि उत्तर काय येतं ते बघून ठरव.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, शृंगारतळीहून रोज शाळेत जाते. गेल्या वर्षी जुनी हॅचबॅक घेतली. अलॉय व्हील आहेत. ७०-८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. दोनदा बॅलन्सिंग झालं, फरक नाही. परवा पंक्चरवाल्यानं चाक काढलं तेव्हा मागे चकती दिसली, हा स्पेसर आहे म्हणाला. काढून टाकू का? काढल्यावर काही बिघडेल का?
— एक वाचक, ता. गुहागर

उत्तर : ताई, काढाच. पण पंक्चरच्या दुकानात उभ्या उभ्या नको, चांगल्या फिटरकडे गाडी दोन-तीन तास ठेवून.

थरथरीचं कारण जवळजवळ नक्की तिथेच आहे. हबच्या मध्यभागी गोल उंचवटा असतो आणि कंपनीच्या रिमचं मधलं भोक त्यावर बरोबर बसतं. चाक मध्यावर येतं ते त्यामुळे. स्वस्त स्पेसरचं भोक मोठं असतं, कारण एकच चकती दहा गाड्यांना विकायची असते. मग चाक फक्त नटांच्या आधारानं लटकतं आणि अर्धा मिलिमीटर जरी एका बाजूला बसलं तरी वेग वाढला की थरथरतं. बॅलन्सिंगच्या मशीनवर रिम तिच्या स्वतःच्या भोकात बसते, स्पेसर तिथे नसतोच. म्हणून मशीन बरोबर दाखवतं आणि गाडी थरथरते. तुमच्या बॅलन्सिंगवाल्याचं काम चांगलं असेल, त्याला दोष देऊ नका.

स्पेसर निघाला की फिटरला तीन गोष्टी करायला सांगा. हबचं तोंड तारेच्या ब्रशनं चकचकीत होईपर्यंत घासायचं. प्रत्येक स्टडवर नवा नट हातानं फिरवून बघायचा. मध्येच अडकला किंवा आटे ताणलेले दिसले तर तो स्टड बदलायचा, आणि एक खराब निघाला तर त्या चाकाचे सगळे बदलायचे. स्टड फार महाग नसतात. तिसरं म्हणजे चाक पकडून वर-खाली हलवून आणि फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकायचा.

मग स्पेसरशिवाय अलॉय लावून चाक हातानं पूर्ण फिरवायचं. ते आत शॉकअब्सॉर्बरला किंवा ब्रेकच्या कॅलिपरला टेकत असेल, तर आधीच्या मालकानं चकती का घातली ते कळलं. ती अलॉय तुमच्या गाडीची नाहीत. अशा वेळी पातळ चकती घालून वेळ मारून नेऊ नका. कंपनीच्या लोखंडी रिम घ्या. त्या दिसायला साध्या असतात, पण गाडी सरळ चालते, आणि खड्ड्यात वाकल्या तर ठोकून सरळ करून मिळतात. रिम बदलल्या तर नटही बदला. अलॉयच्या आणि लोखंडी रिमच्या नटांची बैठक वेगळी असू शकते. चुकीचा नट आवळलेला वाटतो, पण बसलेला नसतो.

नट आवळताना एक सोडून समोरचा अशा क्रमानं, आणि शेवटचा जोर टॉर्क पान्यानं, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानं, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याएवढाच. हवेच्या गननं टरटर आवळून दिले तर घेऊ नका. आट्यांना तेल-ग्रीस लावू देऊ नका. शंभरेक किलोमीटर झाले की तोच पाना पुन्हा लावून घ्या. आणि हे होईपर्यंत, ताई, साठच्या वर जाऊ नका.

प्रश्न : आमच्या वाडीच्या पाणंदीत गाडीचं पोट घासतं. स्पेसर लावला की गाडी वर उचलते असं ऐकलं. खरं का?
— एक वाचक, राजापूर

उत्तर : नाही. चाकाचा स्पेसर चाक बाहेर काढतो, गाडी वर उचलत नाही. स्प्रिंगमध्ये घालायचे रबरी तुकडे मिळतात, तुम्ही ऐकलं ते त्यांच्याबद्दल असणार. ते घातल्यानं भरलेली गाडी कमी दबते, पण स्प्रिंगचा तो वेढा काम करायचा थांबतो आणि बाकीच्या वेढ्यांवर ताण येतो. आधी सपाट जागी, रिकाम्या गाडीत चारही कमानींची जमिनीपासूनची उंची मोजा. पुढची डावी-उजवी आणि मागची डावी-उजवी सारखी यायला हवी. एक बाजू कमी भरली तर ते स्प्रिंग बसलेलं आहे. दोन्ही बाजू सारख्या असूनही गाडी घासत असेल, तर फिटरला त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीशी उंची ताडून बघायला सांगा, कारण जुन्या गाडीत दोन्ही स्प्रिंगा एकदम बसलेल्या असू शकतात. त्या बदलल्या की गेलेली उंची परत मिळते. स्प्रिंगा ठीक निघाल्या तर पाणंदीत टायर पडतात त्या दोन चाकोऱ्या जांभ्याच्या चिऱ्यांचे तुकडे घालून भरा आणि मधला उंचवटा फावड्यानं खाली घ्या. शेजारीही त्याच वाटेनं जातात, ते मदतीला येतील. पावसाआधी करा, चिखलात चिरे बसत नाहीत.